डावीकडचा खांब

बत्तीस वर्षं ट्रक चालवल्यावर माझ्या कंबरेनं संप पुकारला. डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून दोन मणक्यांमधली जागा दाखवली, म्हणजे ती उरलेली नाही हे दाखवलं, आणि म्हणाले, "आता स्टिअरिंगला हात लावायचा नाही." मी म्हटलं, "हात धडधाकट आहेत, दुखतेय कंबर." त्यांना हसू आलं नाही. घरी येऊन आमच्या हिला सांगितलं, तर तिलाही नाही.

मी होतो ती कंपनी काही मोठी नव्हे. सहा ट्रक, एक आवार, पत्र्याच्या छपराचं ऑफिस आणि एक मालक. लांबचा माल आम्ही घेत नाही. शहरातल्या गोदामांतून शहरातल्याच कारखान्यांत, फार तर आसपासच्या दोन-चार गावांत, आणि संध्याकाळी सगळ्या गाड्या आवारात परत. लांब पल्ल्याचे ड्रायव्हर आम्हाला बघून नाक मुरडतात. मुरडू देत. सरळ रस्त्यावर दिवसभर गाडी कोणीही हाकेल. दिवसातून बारा-चौदा वेळा अरुंद फाटकांतून मागे घ्यायची असेल तर तिथं ड्रायव्हर लागतो, आणि आमच्या आवारात तो मी होतो. मला सगळे उस्ताद म्हणायचे. माझ्या गाडीवर बत्तीस वर्षांत एक ओरखडा नाही, हे मालक नव्या गिऱ्हाइकाला पाण्याच्या ग्लासाबरोबर सांगायचे. मी शेजारी उभा असलो तर नम्रपणे जमिनीकडे बघायचो. त्या बघण्यामागे काय होतं ते पुढं येईल.

तर माझी कंबर गेली आणि मालकांनी निकाल लावला. गाडी विकायची आणि उस्तादांनी घरी बसायचं. हे ते ऑफिसात बोलले, आणि ताईंनी ऐकलं.

ताई म्हणजे आमच्या ऑफिसातला फोन. वय बेचाळीस, अंगानं किरकोळ, आवाज खणखणीत. तेरा वर्षं त्या एकाच खुर्चीत बसून होत्या. समोर टेबल, टेबलावर फोन, बाजूला खिडकी आणि खिडकीबाहेर शेजारच्या गोदामाची भिंत. कोणत्या फाटकावरचा माणूस जेवायला कधी जातो, कोणत्या गल्लीत तारा खाली लोंबतात, कुठल्या वजनकाट्यावर उगाच ताप देतात, सगळं त्यांना तोंडपाठ. यातली एकही जागा त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. आम्ही फोनवर सांगायचो, त्या एका जाड वहीत लिहून घ्यायच्या.

त्या दिवशी त्यांनी वही मिटली, पिशवीतून एक कार्ड काढलं आणि मालकांपुढं ठेवलं. अवजड वाहनाचा परवाना. आठ महिने दर रविवारी जाऊन शिकल्या होत्या आणि आवारात कोणाला ताकास तूर लागू दिली नव्हती.

मालकांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं. "हा फोटो तुमचा आहे?"

"माझाच."

"ओळखू येत नाही."

"परवान्यावर कोणीच ओळखू येत नाही. तुमचा काढून बघा."

मालकांनी खरंच खिशातून स्वतःचा काढला, बघितला आणि गुपचूप परत ठेवला. मग म्हणाले, "पण तुम्हाला हे कशाला, ताई? इथं पंखा आहे, खुर्ची आहे."

"तेरा वर्षं मी माणसांना रस्ता सांगतेय," ताई म्हणाल्या, "आणि मला दिसतेय ही भिंत. आता कंटाळा आलाय. गाडी विकू नका, ती मी चालवते. उस्तादांना माझ्या खुर्चीत बसवा. तुमचं काही अडणार नाही."

मालक हुशार माणूस. त्यांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. एक महिना दिला. पहिले दहा दिवस मी शेजारी बसून शिकवायचं, पुढचे वीस दिवस ताई एकट्या गाडीवर आणि मी फोनवर. महिन्याभरात गाडीला ओरखडा पडता कामा नये आणि एकही खेप मालासकट परत येता कामा नये. यातलं काहीही झालं तर गाडी विकली, ताई परत खुर्चीत आणि मी घरी.

घरी हे सांगितल्यावर आमची ही म्हणाली, "तिला नीट शिकवा. तुम्हाला दिवसभर घरात ठेवून घ्यायची माझी तयारी नाही."

पहिल्या दिवशी मी पाठीला उशी लावून डावीकडच्या सीटवर बसलो. तेरा वर्षं आम्ही एकमेकांना अहो-जाहो करत आलो होतो. ताईंनी गाडी सुरू केली आणि म्हणाल्या, "उस्ताद, गाडीत मला अगं-तुगं करा. 'ताई, आपण ब्रेक दाबावा' असं म्हणेपर्यंत भिंत यायची." मला पटलं. तेव्हापासून गाडीत ती 'तू' आणि ऑफिसात 'तुम्ही', असा आमचा करार झाला.

तिची गाडी पुढं चांगली जायची. मागं जाताना मात्र पहिल्या दिवशी आमच्याच आवारात सतरा वेळा मागेपुढे केलं. बाकीचे पाच ड्रायव्हर ओट्यावर बसून मोजत होते. अठराव्या वेळी गाडी सरळ लागली तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या, त्या काही कौतुकाच्या नव्हत्या. ती खाली उतरली, त्यांच्यापुढं उभी राहिली आणि म्हणाली, "उद्या सोळा होतील. मोजायला वेळेवर या." दुसऱ्या दिवशी नऊ झाले. आठवड्याच्या शेवटी मोजायला कोणी बसलं नाही.

एका गोष्टीवरून मात्र आमचं जुंपायचं. मागे घेताना ती खाली उतरायची. फाटक आलं की हँडब्रेक ओढायचा, दार उघडायचं, उतरून गाडीच्या मागे जायचं, हातानं अंतर बघायचं, परत वर. पुन्हा चार फूट मागे, पुन्हा खाली. मी बत्तीस वर्षांत मागे घेताना कधी सीटवरून उतरलो नव्हतो. आरसे आणि अंदाज, बस. तोच माझा तोरा होता आणि पोरंटोरंही तो सांगायची.

"अगं, ड्रायव्हर असा सारखा उतरत नाही," मी एकदा वैतागून म्हटलं. "लोक बघतायत."

"बघू देत. उस्ताद, तेरा वर्षं मला उतरून बघता येत नव्हतं म्हणून तुम्हाला विचारावं लागत होतं. आता उतरता येतंय, तर उतरते."

मी खिडकीबाहेर बघत बसलो.

तिच्या घरचेही मला त्याच दहा दिवसांत कळले. नवरा शिंपी, घराच्या पुढच्या खोलीत मशीन टाकून बसलेला, बोलायला शांत. बायको ट्रक चालवणार म्हटल्यावर त्यानं काय केलं, तर सीटची मापं मागवली आणि जाड कापडाची गादी शिवून दिली, मागे कंबरेला उंचवटा देऊन. मला ती इतकी आवडली की त्यानं दुसरी माझ्या ऑफिसच्या खुर्चीसाठी शिवली. मी त्याला विचारलं, "तुम्हाला काळजी नाही वाटत?" तो सुईत दोरा ओवत म्हणाला, "ती घरात बसली की कपाटं हलवते. त्यापेक्षा हे बरं." सासूबाईंचा एकच प्रश्न होता, ब्रेकपर्यंत पाय पोचतात का. त्या आवारापर्यंत आल्या, सुनेला सीटवर बसवून ते पोचतात हे बघितलं आणि घरी गेल्या. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही.

दहा दिवस झाले आणि मी ताईंच्या खुर्चीत बसलो. माझा इंजिनाकडचा कान केव्हाच कामातून गेलाय, म्हणून फोन स्पीकरवर ठेवायचो. समोर ती भिंत. पहिल्या दोन दिवसांतच मला कळलं की तेरा वर्षं या जागेवर बसून वेड न लागणं हेच मोठं काम आहे. करमत नव्हतं म्हणून वही चाळली. पान भरून फाटकं, गल्ल्या, वेळा, ड्रायव्हरांची नावं. काही ओळींच्या शेवटी एकेक निळं टिंब. मी ताईंना विचारलं तर म्हणाल्या, "पेन गळकं होतं."

त्या वहीत एक ओळ मी शोधून काढली आणि शोधल्यावर पान लगेच उलटलं. औषधांचा कारखाना, मागचं फाटक: आपली गाडी जात नाही, पुढून उतरवावा. सांगणारे, उस्ताद. तारीख नऊ वर्षांपूर्वीची.

त्याबद्दल आत्ताच सांगून टाकतो. हा कारखाना आमचं जुनं गिऱ्हाईक. आम्ही तिथं काचेच्या रिकाम्या बाटल्यांचे खोके नेतो. बाटल्यांचं गोदाम मागच्या फाटकाला लागून आहे. नऊ वर्षांपूर्वी मी तिथं गाडी मागे घेतली, न उतरता, आरशात बघून, आणि डावीकडच्या खांबाला लावली. वरचा कोपरा चेपला आणि हातभर रंग गेला. बघायला कोणी नव्हतं. मी गाडी ओळखीच्या रंगाऱ्याकडे नेली आणि ऑफिसात फोन केला की त्या फाटकातून आपली गाडी जात नाही. रंगारी म्हणाला, जुन्या हिरव्या रंगाला नवा हिरवा जुळणार नाही, डाग दिसेल. मग मी मालकांकडे जाऊन सांगितलं की हिरव्याचा आता कंटाळा आला, गाडी निळी करू या, डोळ्यांना गार वाटेल. मालकांना माझा शब्द म्हणजे शब्द. एका ओरखड्यासाठी मी अख्खी गाडी रंगवून घेतली.

इथवर हसण्यासारखं आहे. यापुढचं नाही. त्या दिवसापासून नऊ वर्षं बाटल्यांचे सगळे खोके पुढच्या गेटला उतरले, आणि तिथून मागच्या गोदामापर्यंत हमालांनी ते हातांनी वाहिले. मी गाडीत बसून बघायचो. कधीकधी पाणीही विचारायचो त्यांना. माझी मला लाज वाटायची, पण तोंड उघडायची हिंमत झाली नाही.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. तोपर्यंत ताईंच्या गाडीला ओरखडा नव्हता आणि एकही खेप परत आली नव्हती. मालक सकाळपासून खुशीत होते. अकराच्या सुमाराला ते माझ्या टेबलाशी उभे राहून पाणी पीत होते आणि फोन वाजला.

"उस्ताद, औषधांच्या कारखान्यावर आहे. पुढच्या गेटचा रस्ता खणलाय. पाइप टाकतायत. माणूस जाईल, गाडी नाही."

"लांब उभी कर आणि हमालांना सांग."

"दोनशे पावलं आहेत आणि मध्ये कमरेइतका खड्डा. हातात काच घेऊन फळीवरून जायला ते तयार नाहीत. त्यांच्या जागी मी असते तर मीही नसते. आतले साहेब म्हणतायत, दुपारच्या पाळीला बाटल्या हव्यात, नाहीतर दुसऱ्या कंपनीकडून मागवतो."

"मग आता?"

"मी मागच्या फाटकाशी आले आहे."

मालकांनी ग्लास खाली ठेवला आणि फोनकडे वाकले. "ताई, तिथून गाडी जात नाही. तुमच्याच वहीत आहे. उस्तादांनी सांगितलेलं."

"माहीत आहे. पण गेल्या रविवारी मी फाटक मोजून आले. घरातल्या टेपनं, ह्यांना बरोबर घेऊन. नऊ फूट दोन इंच भरलं. गाडी पावणेआठ फूट. आरसे मिटले की जाते."

मालकांचा चेहरा पडला. वही आणि टेप यांत कोणाचं ऐकायचं हे त्यांना कळेना. मग त्यांनी मला विचारलं, "उस्ताद, तुम्ही सांगा. जाते का?"

ताईचं माप बरोबर होतं आणि तरीही ती धडकणार होती. हे त्या क्षणी एकट्या मला माहीत होतं. कारण नऊ वर्षांपूर्वी मीही अंदाज तेवढाच केला होता आणि तोही बरोबरच होता.

मी 'नाही जात' म्हटलं असतं तर खेप परत आली असती, ताई परत या खुर्चीत, मी घरी, आणि माझं नाव शाबूत. नुसतं 'जाते' म्हटलं असतं तर तिनं माझ्यासारखीच गाडी खांबाला लावली असती. कशी जाते हे सांगायचं, तर मला कसं माहीत हेही सांगावं लागणार होतं. आमच्या हिलाही मी हे कधी सांगितलं नव्हतं.  

"उस्ताद," फोनमधून ती म्हणाली, "ऐकताय ना?"

"जाते," मी म्हटलं. "ऐक आता. तू माप कुठं घेतलंस? खाली?"

"कमरेच्या उंचीला."

"वर खांबांच्या माथ्यावर दगड बसवलाय. तो चार बोटं आत आलेला आहे. आणि डावीकडे खाली बघ, खांबाला लागून गटार आहे, त्यावरच्या लाद्या खचल्यात. तुझी डावी चाकं तिथं आली की गाडी डावीकडे कलते. खाली वीतभर जागा दिसते, पण वर गाडीचा कोपरा नेमका त्या दगडाला जाऊन लागतो. आरशात ते दिसत नाही. आरशात खालचा खांब दिसतो."

 मालक म्हणाले, "उस्ताद, तुम्हाला हे कसं माहीत?"

"मी लावलीय तिथं गाडी," मी म्हटलं. "नऊ वर्षांपूर्वी. उतरून बघितलं नाही. फाटक लहान नाही, मालक. मी खोटं सांगितलं होतं."

मालक हळूच समोरच्या स्टुलावर बसले. त्यांचं डोकं कुठं चाललंय ते मला दिसत होतं. "म्हणजे गाडी निळी..."

"त्याचसाठी."

"डोळ्यांना गार वाटेल म्हणालात."

"म्हणालो."

 त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण फोन चालू होता आणि आधी तिकडचं बघायला हवं होतं.

"ताई, गाडीत पिंपं चढवायच्या दोन फळ्या आहेत ना? त्या काढ. डाव्या चाकांच्या वाटेवर, खचलेल्या लाद्यांवर टाक. एकीपुढं एक. जाड आहेत, तेवढा उतार भरून निघेल. गाडी सरळ उभी राहिली की वर तीन बोटं जागा मिळते. उजवीकडे दबून ये. आणि..."

"आणि काय?"

"उतरून बघ. लाज वाटून घेऊ नकोस."

"मला कधी वाटली?" ती म्हणाली. "फोन ठेवू नका, मी सीटवर ठेवते."

मग मी तेच केलं जे ती तेरा वर्षं करत आली होती. भिंतीकडे बघत ऐकत बसलो.

दार उघडलं. फळ्या ओढल्याचा आवाज आला, मग फाटकावरच्या म्हाताऱ्याचा, "जरा आत घ्या ती, अजून." फळी जमिनीवर आपटली. दुसरी आपटली. दार लागलं. इंजिनाचा आवाज चढला, गिअर पडला. गाडीतले खोके किणकिणले. "येऊ द्या, येऊ द्या," म्हातारा ओरडत होता. गाडी थांबली. हँडब्रेक. दार उघडलं. पावलं मागे गेली, परत आली. दार लागलं. पुन्हा तेच. फळी करकरली. माझा हात टेबलावर गिअर टाकत होता, हे मला मालकांनी त्याच्याकडे बघितल्यावर कळलं. पुन्हा हँडब्रेक, पुन्हा दार. या वेळी ती बराच वेळ आली नाही. मालक म्हणाले, "काय करतायत त्या?" मी म्हटलं, "बघतायत."

दार लागलं. इंजिन हळूच घुमलं, खूप हळू. बाटल्यांची किणकिण थांबली. मग इंजिनही बंद झालं.

"आत आले," ती म्हणाली.

माझा जीव भांड्यात पडला. मालकांनी अर्धा राहिलेला ग्लास उचलला आणि मलाच दिला.

"उस्ताद, एक सांगू?" फोनमधून आवाज आला. "माथ्यावरच्या दगडाखाली हिरवा रंग लागलेला आहे. मी फोन करायच्या आधीच बघितला होता. रविवारी नजरेतून सुटला, आम्ही दोघं खालीच बघत होतो. ह्यांनी आयुष्यभर लोकांची मापं घेतली, आणि फाटकाचं घेताना कंबर मोजली, खांदे विसरले."

"रंग बघितला होतास, मग बोलली का नाहीस?"

"कशी लागली असेल ते कळत नव्हतं. आणि म्हटलं, तुम्ही सांगताय का बघू."

संध्याकाळी गाडी आवारात आली तेव्हा मालक चष्मा लावून बाहेर उभे होते. त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. डावा वरचा कोपरा बघायला स्टूल मागवलं, वर चढून तळहात फिरवला. बाकीचे पाच ड्रायव्हर बघत उभे होते, सकाळची हकिगत तोवर सगळ्यांपर्यंत पोचली होती. मालक खाली उतरले आणि किल्ली ताईंच्या हातात दिली. "गाडी तुमची," म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "आणि तुम्ही उद्यापासून फोनवर. तिथून खांबाला लावता येत नाही." पाचही जण हसले. मीही हसलो. माझं नऊ वर्षांचं खोटं त्या एका वाक्यात फिटलं नाही, पण निदान उघड्यावर आलं. गिऱ्हाइकांना पाण्याबरोबर सांगायचं ते वाक्य मालकांनी त्या दिवसापासून बंद केलं.

हमालांना तोंड दाखवायला मला आठवडा लागला. मी स्वतः कारखान्यावर गेलो, फाटकाजवळ उभं राहून त्यांना सगळं सांगितलं. त्यांच्यातला सगळ्यात जुना माणूस म्हणाला, "नऊ वर्षं तुम्ही मधूनच पाणी विचारायचात, तेव्हाच वाटायचं, काहीतरी आहे." एवढंच. त्यानं दुसरं काही म्हटलं असतं तरी मी ऐकून घेतलं असतं.

घरी आमची ही ऐकून घेत होती तेव्हा भाजी निवडत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "निळा रंग मला तेव्हाही आवडला नव्हता."

वही आता माझ्याकडे आहे. ताईंनी ती देताना अट घातली की नऊ वर्षांपूर्वीची ओळ मी स्वतःच्या हातानं खोडायची. मी ती खोडली आणि खाली लिहिलं: मागचं फाटक, गाडी जाते, डावीकडे फळ्या टाकाव्यात, उतरून बघावं. लिहिताना दिसलं, जुन्या ओळीच्या शेवटीही एक निळं टिंब होतं.

"पेन गळकं होतं ना?" मी विचारलं.

"पेन चांगलं होतं," त्या म्हणाल्या. "जे सांगितलेलं मला पटायचं नाही, तिथं मी टिंब द्यायचे. तुम्ही त्या फाटकाचं सांगितलंत, आणि पुढच्याच आठवड्यात गाडी निळी करायचं काढलंत. म्हणून तर ते फाटक मोजायला गेले."

मी पानं मागे उलटली. माझ्या नावापुढं टिंबांची रांग लागली होती. बहुतेक एकाच वाक्यापुढं: पुलावर आहे. पुलाच्या अलीकडे एक चहावाला आहे. तिथं बाकावर बसून मी, आणि आवारातला प्रत्येक ड्रायव्हर, ऑफिसला पुलावर असल्याचं सांगायचो. मला वाटायचं, भिंतीकडे तोंड करून बसलेल्या बाईला काय कळणार.

"कसं कळायचं तुम्हाला?"

"बसा या खुर्चीत," ताई म्हणाल्या, "कळेल."

सोमवारी सकाळी सव्वादहाला फोन वाजला.

"उस्ताद, पुलावर आहे. गर्दी आहे हो फार. दहा मिनिटं लागतील."

तिच्या आवाजामागं काचेच्या ग्लासात चमचा फिरत होता, आणि कोणीतरी विचारलं, साखर अजून घालू का.

"सावकाश ये," मी म्हटलं. वहीत वेळ लिहिली, ताईंचं नाव लिहिलं, पुढं 'पुलावर' लिहिलं, आणि शेवटी एक टिंब दिलं.